नोकरी सांभाळून ‘जीआरई’ : शब्दसंग्रह आणि वाचनाची तयारी

पदवी घेऊन दोन-चार वर्षे नोकरी केल्यानंतर परदेशी उच्च शिक्षणाचा विचार करणारे तरुण पुण्या-मुंबईत अनेक आहेत. अभियंते, बँक अधिकारी, औषध कंपन्यांतील संशोधक असे निरनिराळ्या क्षेत्रांतले लोक त्यात असतात. ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन’ अर्थात ‘जीआरई’ या परीक्षेतील गणिताची या मंडळींना फारशी धास्ती नसते. शालेय गणिताची नीट उजळणी केली की तो भाग बराचसा आटोक्यात येतो. अडते ते इंग्रजीपाशी. दिवसभर इंग्रजीत ई-मेल लिहिणाऱ्या माणसाची पहिल्याच सराव परीक्षेत निम्मी उत्तरे चुकतात, तेव्हा तो चक्रावून जातो. शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले असेल, तर ‘हे आपले काम नव्हे’ असे ठरवून मोकळाही होतो.

हा निष्कर्ष घाईचा आहे. ही परीक्षा कार्यालयीन इंग्रजीची नाही, तशी ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेचीही नाही. नेमका शब्द ओळखणे आणि दाट विणीचा मजकूर शांतपणे वाचणे या दोन गोष्टी तीत तपासल्या जातात. दोन्ही सरावाने साध्य होणाऱ्या आहेत. नोकरी करणाऱ्यांची खरी अडचण वेळेची असते, आणि म्हणूनच काय करावे याइतकेच काय करू नये हेही माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

परीक्षेचे आजचे स्वरूप

जीआरईची सुरुवात अमेरिकेत १९३० च्या दशकात झाली. सध्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ म्हणजे ‘ईटीएस’ ही संस्था ती घेते. जुन्या परीक्षार्थींना आठवणारे विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये बंद झाले. त्याच वेळी २०० ते ८०० ही गुणश्रेणी जाऊन १३० ते १७० ही श्रेणी आली. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली असून आता ती १ तास ५८ मिनिटांची आहे. त्यामुळे घरातील थोरल्या भावंडाची जुनी पुस्तके वापरताना ती कोणत्या वर्षाची आहेत हे आधी पाहावे.

परीक्षेत ३० मिनिटांचा एक निबंध, ‘व्हर्बल’ म्हणजे भाषेचे दोन विभाग आणि गणिताचे दोन विभाग असतात. भाषेच्या पहिल्या विभागात १२ प्रश्नांसाठी १८ मिनिटे, तर दुसऱ्या विभागात १५ प्रश्नांसाठी २३ मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सुमारे दीड मिनिट येते. पहिल्या विभागातील कामगिरीनुसार दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. त्या-त्या विभागाची वेळ संपेपर्यंत मागच्या प्रश्नाकडे परत जाता येते, ही सोयही लक्षात ठेवावी.

भाषेच्या भागावर मेहनत का घ्यावी, याचे उत्तर गुणांच्या तौलनिक मूल्यात आहे. गणितात १६० गुण मिळवणारा उमेदवार साधारण मधल्या फळीत असतो. भाषेत तेवढेच गुण मिळवणारा मात्र ८० टक्क्यांहून अधिक परीक्षार्थींच्या पुढे असतो. गणितात चांगले गुण असणाऱ्यांच्या गर्दीत भाषेचे गुण उठून दिसतात.

प्रश्नांचे तीन प्रकार

पहिला प्रकार रिकाम्या जागा भरण्याचा. एक जागा असेल तर पाच पर्याय, दोन किंवा तीन जागा असतील तर प्रत्येक जागेसाठी तीन पर्याय असतात. सर्व जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतो. तीन जागांच्या प्रश्नात निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता २७ मध्ये एक इतकीच आहे.

दुसरा प्रकार समार्थी वाक्यांचा. रिकामी जागा एकच, पर्याय सहा आणि निवडायचे दोन. दोन्ही शब्दांनी वाक्य पूर्ण झाले पाहिजे आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा झाला पाहिजे. पर्यायांतली समानार्थी जोडी शोधून खूण करणारे येथे हमखास फसतात, कारण वाक्यात न बसणारी जोडीही पर्यायांत मुद्दाम पेरलेली असते.

तिसरा प्रकार उताऱ्यांचा. भाषेचे जवळजवळ निम्मे प्रश्न याच प्रकारचे असतात. काही प्रश्नांत तीनपैकी लागू पडणारे सर्व पर्याय निवडायचे असतात. तेथेही अर्धवट उत्तराला गुण नाही.

रिकामी जागा भरताना पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचा शब्द योजण्याची पद्धत सर्वांत भरवशाची आहे. ती मराठी वाक्यावरूनही समजून घेता येईल. ‘वक्ता म्हणून त्यांची ख्याती पाल्हाळाची असली, तरी त्या दिवशीचे त्यांचे भाषण मात्र अगदीच ---- होते.’ यात ‘तरी’ आणि ‘मात्र’ हे दोन शब्द वाक्याला वळण देतात. साहजिकच ‘त्रोटक’ हा शब्द मनात येतो. मग पर्याय उघडून त्या अर्थाचा ‘टर्स’ किंवा ‘लॅकॉनिक’ शोधायचा. इंग्रजी वाक्यात ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘फार फ्रॉम’, ‘इन्डीड’ असे शब्द हेच काम करतात. ते आधी हेरावेत. अवघड शब्दांकडे नंतर वळावे.

किती शब्द, कोणते शब्द?

तीन-चार हजार शब्दांच्या याद्या अनेक वर्षांपासून फिरत आहेत. नोकरदाराने त्यांच्या नादी लागू नये. ईटीएसने शब्दांची अशी कोणतीही अधिकृत यादी नेमून दिलेली नाही. दररोज १० शब्द, आठवड्याचे पाच दिवस आणि १० आठवडे एवढा नेम पाळला, तर ५०० शब्द पक्के होतात. अर्धवट आठवणाऱ्या तीन हजार शब्दांपेक्षा हे ५०० शब्द अधिक उपयोगी पडतात, कारण परीक्षेत शब्दाची तोंडओळख पुरत नाही, त्याची छटा कळावी लागते.

येथे मराठी चांगली येणाऱ्याची बाजू वरचढ आहे. ‘गॅरुलस’ म्हणजे बडबड्या, ‘प्रोलिक्स’ म्हणजे पाल्हाळिक आणि ‘एलोक्वंट’ म्हणजे वक्तृत्वसंपन्न. तिन्ही शब्द बोलण्याशी निगडित असले, तरी मराठी माणूस बडबड्याला वक्तृत्वसंपन्न म्हणणार नाही. तसेच ‘टॅसिटर्न’ म्हणजे अबोल, ‘रेटिसंट’ म्हणजे हातचे राखून बोलणारा आणि ‘लॅकॉनिक’ म्हणजे मोजक्या शब्दांत सांगणारा. पैशाच्या बाबतीत ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी, ‘मायझर्ली’ म्हणजे कंजूष, ‘प्रॉडिगल’ म्हणजे उधळ्या, तर ‘म्युनिफिसंट’ म्हणजे सढळ हाताचा. ‘ऑब्सिक्वियस’साठी लाळघोट्या यापेक्षा नेमका शब्द सापडणे कठीण. इंग्रजी शब्दापुढे इंग्रजीतलीच लांबलचक व्याख्या पाठ करण्याऐवजी असा नेमका मराठी शब्द आणि एक इंग्रजी वाक्य लिहून ठेवावे. अर्थ तर राहतोच, शब्द स्तुतीचा आहे की निंदेचा हेही विसरत नाही.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

नोकरदारांना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द अधिक दगा देतात. कार्यालयात ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे; परीक्षेतल्या वाक्यात त्याचा अर्थ विधानाला मर्यादा घालणे असा असू शकतो. म्हणून ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे हातचे राखून दिलेला पाठिंबा. ‘अरेस्ट’ म्हणजे थोपवणे, ‘चेक’ म्हणजे आवर घालणे, ‘टेम्पर’ म्हणजे तीव्रता कमी करणे, ‘वॉन्ट’ म्हणजे उणीव आणि ‘हजबंड’ हे क्रियापद असेल तर जपून वापरणे. ‘पेडेस्ट्रियन’ हे विशेषण नीरस, सामान्य प्रतीचे या अर्थाने येते. ‘सँक्शन’चा अर्थ मंजुरी आणि निर्बंध असा परस्परविरोधी आहे, संदर्भ पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती. ज्याला रस नाही तो ‘अनइंटरेस्टेड’. अशा ४०-५० शब्दांची स्वतंत्र यादी करावी. वेळेच्या मानाने सर्वाधिक फायदा याच यादीचा होतो.

संस्कृतची मदत

कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ मध्ये केलेल्या भाषणात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांच्या नात्याकडे लक्ष वेधले. हे भाषाकुलाचे नाते जीआरईच्या उमेदवाराला फार कामाचे आहे. इंग्रजीतील पुष्कळसे अवघड शब्द ग्रीक-लॅटिनमधून आलेले आहेत आणि त्यांच्या मुळांचे सगेसोयरे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत.

‘ज्ञा’ या धातूच्या कुळात ‘कॉग्निशन’, ‘इन्कॉग्निटो’, ‘ॲग्नॉस्टिक’ आणि ‘डायग्नोसिस’ हे शब्द येतात. ‘जन्’च्या कुळात ‘प्रोजेनी’, ‘जेनेसिस’ आणि ‘इंडिजिनस’ येतात. ‘मृ’वरून ‘मॉर्टल’ आणि ‘मॉरिबंड’, तर ‘युज्’वरून ‘कॉन्जुगल’ आणि ‘सब्जुगेट’ लक्षात राहतात. ‘उभय’ ज्याला ठाऊक आहे त्याला ‘ॲम्बिव्हॅलंट’ म्हणजे द्विधा मनःस्थितीचा हे वेगळे पाठ करावे लागत नाही. नकारदर्शक ‘अ’ आणि ‘अन्’ ग्रीकमध्येही आहेत. आपला ‘अनाम’ आणि त्यांचा ‘ॲनॉनिमस’ यांची घडण एकच आहे. ‘डिस्पेप्टिक’मध्ये ‘दुस्’ आणि ‘पच्’ यांचे भाऊबंद सापडतात. अपचनाचा आणि त्यामुळे चिडखोर झालेला, असा त्याचा अर्थ.

या युक्तीला मर्यादाही आहेत. लॅटिनमधून आलेला ‘डिस्’ वेगळा. त्याचा अर्थ दूर किंवा उलट असा होतो. ‘इन’ दरवेळी नकार दाखवत नाही. ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे पेट घेणारा. केवळ उच्चार जुळला म्हणून नाते जोडू नये. शब्दाची व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात एकदा खात्री करून घ्यावी. मेरियम-वेब्स्टरचा कोश संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो.

विस्मरणावर उपाय

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरील स्वतःचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला वेगाने विसरले जाते आणि पुढे हा वेग मंदावतो, हे त्यातून दिसून आले. म्हणून एकाच रात्री शब्द पन्नासदा घोकण्यापेक्षा दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी त्याची उजळणी करणे श्रेयस्कर. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेली कार्डे पाच खणांत ठेवावीत. आठवलेले कार्ड पुढच्या खणात जाते आणि विसरलेले पुन्हा पहिल्या खणात येते. ही पद्धत १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी लोकप्रिय केली. भ्रमणध्वनीवरील ‘आंकी’सारखी सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतात. कल्याण किंवा विरारच्या गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण एका हाताने १५-२० कार्डे सहज चाळता येतात.

उताऱ्याचे वाचन

कार्यालयात आपण कामापुरते वाचतो. ई-मेलमधील तारीख, रक्कम आणि ‘काय हवे आहे’ एवढे टिपले की पुढे जातो. परीक्षेतील उतारा असा वाचून चालत नाही. तेथे माहितीपेक्षा युक्तिवादाची मांडणी महत्त्वाची असते. प्रत्येक परिच्छेदानंतर ‘लेखकाने हे कशासाठी सांगितले?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर चार शब्दांत मनाशी मांडावे.

एक उदाहरण घेऊ. डायनासोर नामशेष का झाले, या विषयावर उतारा आहे असे समजा. पहिल्या भागात लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ यांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये मांडलेला अशनी आदळल्याचा सिद्धांत येतो. मातीच्या थरात सापडलेल्या इरिडियमचा पुरावा दिला जातो. दुसऱ्या भागात दख्खनच्या पठारावरील प्रचंड ज्वालामुखी उद्रेकांना कारण मानणाऱ्यांची बाजू येते. शेवटी लेखक म्हणतो, की दोन्ही घटनांचा एकत्रित परिणाम झाला असण्याची शक्यता तपासावी लागेल. या उताऱ्याचा आराखडा असा : प्रचलित मत, त्याचा पुरावा, पर्यायी मत, लेखकाची सावध भूमिका.

आता प्रश्न येतो, की ज्वालामुखींचा उल्लेख कशासाठी केला आहे? ‘अशनीचा सिद्धांत खोटा ठरवण्यासाठी’ हा पर्याय टोकाचा आहे. लेखक तेवढे म्हणत नाही. ‘दख्खनचे पठार बेसॉल्ट खडकाचे आहे हे सांगण्यासाठी’ हा पर्याय सत्य आहे आणि सह्याद्रीत भटकलेल्या कोणालाही तो पटेल, पण उताऱ्यात तो मुद्दा नाही. ‘केवळ एका कारणावर भिस्त ठेवता येणार नाही, हे सुचवण्यासाठी’ हे उत्तर साधे वाटले तरी बरोबर आहे. टोकाचे विधान, उताऱ्याबाहेरचे सत्य, निम्मे बरोबर वाक्य आणि उलटा केलेला संबंध हे चुकीच्या पर्यायांचे नेहमीचे नमुने होत. आपल्याच व्यवसायाशी संबंधित उतारा आला तर अधिक सावध राहावे; स्वतःचे ज्ञान तेथे आडवे येते.

रोजच्या वाचनासाठी ‘द इकॉनॉमिस्ट’, ‘सायंटिफिक अमेरिकन’ किंवा ‘द न्यूयॉर्कर’ यांतील एखादा लेख पुरेसा आहे. अभियंत्यांनी कला-इतिहासाचे आणि वाणिज्य शाखेच्या लोकांनी जीवशास्त्राचे लेख मुद्दाम निवडावेत. अपरिचित विषयाचा कंटाळा येणे हीच अनेकांची खरी अडचण असते. लेख वाचल्यावर त्याचा आशय मराठीत तीन वाक्यांत लिहावा. ती तीन वाक्ये जमली नाहीत, तर लेख समजलेला नाही असे समजून पुन्हा वाचावा.

बारा आठवड्यांचे नियोजन

सोमवार ते शुक्रवार रोज ४५ मिनिटे आणि शनिवार-रविवारी प्रत्येकी २ तास, असा हिशेब धरला तर आठवड्याचे पावणेआठ तास होतात. बारा आठवड्यांत ही तयारी सुमारे ९३ तासांची होते. गणिताचा सराव यात धरलेला नाही.

प्रारंभीच ईटीएसच्या संकेतस्थळावरील ‘पॉवरप्रेप’च्या दोन विनामूल्य परीक्षांपैकी एक देऊन आपण कोठे आहोत ते पाहावे. पहिले चार आठवडे घड्याळ न लावता शब्द, वाचन आणि प्रश्नप्रकारांची ओळख यांना द्यावेत. पुढील पाच आठवडे १८ मिनिटांत १२ प्रश्न या मापाने सराव करावा. शेवटचे तीन आठवडे नव्या शब्दांचा हव्यास सोडून उजळणी आणि पूर्ण परीक्षा यांवर भर द्यावा. दुसरी विनामूल्य परीक्षा मुख्य परीक्षेच्या साधारण दोन आठवडे आधी द्यावी. सरावासाठी ईटीएसने प्रसिद्ध केलेले प्रश्न सर्वांत विश्वसनीय; इतर प्रकाशकांचे प्रश्न त्यानंतर.

या काळात चुकांची एक वही ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : शब्द माहीत नव्हता, वाक्यरचना उलगडली नाही, पर्यायाने फसवले की घाई झाली. तीन आठवड्यांनी वही चाळली, की आपला कच्चा दुवा डोळ्यांसमोर येतो. शब्द माहीत असूनही वाक्य उलगडत नसेल, तर आणखी शब्द पाठ करून उपयोग नाही. अशा उमेदवाराने लांब वाक्यातील कर्ता आणि क्रियापद शोधण्याचा सराव करावा. रात्रपाळी करणाऱ्यांनी परीक्षेची वेळ निवडताना आपले डोके कोणत्या वेळी ताजे असते याचा विचार करावा आणि आधीचे काही दिवस त्याच वेळी सराव करावा.

नोंदणीपूर्वी

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी २०२० नंतर काही अभ्यासक्रमांसाठी जीआरई ऐच्छिक केली. त्यामुळे आपल्याला हव्या असलेल्या विभागाचे संकेतस्थळ आधी पाहावे. जीआरई म्हणजे इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा नव्हे. विद्यापीठाने ‘टोफेल’ किंवा ‘आयईएलटीएस’ मागितली असेल, तर ती वेगळी द्यावी लागते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना जीमॅटचाही पर्याय असतो. जीमॅटमध्ये शब्दज्ञानाचे थेट प्रश्न नसतात, तर वाचन आणि तर्कावर भर असतो.

भारतात परीक्षा देण्यासाठी वैध पारपत्र अनिवार्य आहे आणि त्यावरील नाव नोंदणीतील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. वडिलांचे किंवा पतीचे नाव एका ठिकाणी असून दुसऱ्या ठिकाणी नसणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. ती आधीच तपासावी. पारपत्राचे नूतनीकरण बाकी असेल तर ते पहिल्याच आठवड्यात मार्गी लावावे. २०२० पासून घरी बसूनही परीक्षा देता येते. त्यासाठी बंद खोली, एकांत आणि खात्रीची वीज व इंटरनेट जोडणी लागते. लहान घरात राहणाऱ्यांना केंद्रच सोयीचे पडावे. तारीख बदलायची असल्यास किमान चार दिवस आधी कळवावे लागते आणि त्यासाठी वेगळे शुल्क पडते.

परीक्षेचे शुल्क वीस हजार रुपयांहून अधिक आहे. त्यामुळे ‘एकदा देऊन तर पाहू’ हा विचार महाग पडतो. तो हेतू विनामूल्य सराव परीक्षेनेच साधावा. तथापि पहिल्या प्रयत्नात अपेक्षित गुण मिळाले नाहीत म्हणून वर्ष वाया गेले असेही समजू नये. २१ दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा, आणि कोणत्या प्रयत्नाचे गुण विद्यापीठाला पाठवायचे ते उमेदवार ठरवू शकतो. भाषेचे आणि गणिताचे अनधिकृत गुण परीक्षा संपताच पडद्यावर दिसतात. अधिकृत निकाल ८ ते १० दिवसांत येतो. अमेरिकेतील बऱ्याच अभ्यासक्रमांच्या अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा दिली, तर दुसऱ्या प्रयत्नालाही अवधी राहतो. त्यासाठी बारा आठवड्यांची तयारी जुलैच्या मध्यापूर्वी सुरू व्हायला हवी.

गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. प्रवेशाचा निर्णय अद्याप पक्का नसला, तरी कामाचा ताण तुलनेने कमी असलेल्या महिन्यांत परीक्षा देऊन ठेवणे नोकरदाराच्या हिताचे ठरते. प्रवेश पुढे ढकलला गेला, तरी वाचनाची लागलेली सवय आणि नेमका शब्द योजण्याची जाण रोजच्या कामातही उपयोगी पडते.